ग्रासिममधला ‘ग’ ग्वाल्हेरचा: कुमारमंगलम बिर्ला यांच्याविषयी

लाइन_नंबर_आठ (ग्वाल्हेर)
रविवार, सकाळी ८.१०

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या आठवड्यात बाड्यावर, इथल्या बाजारचौकात, चहा घेताना आदित्य बिर्ला समूहाचे अध्यक्ष कुमारमंगलम बिर्ला यांचा विषय निघाला आणि एक स्नेही सहज बोलून गेले, “कुमारमंगलमला काय, आयतं ताट वाढून मिळालं.” तेव्हा मी गप्प बसलो. घोळ तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझं लहानपण बिरलानगरच्या लाइनीत, म्हणजे गिरणी कामगारांच्या घरांच्या रांगेत गेलं. बाबा बिर्लांकडे विणाई खात्यात होते, ३४ वर्षं. भोंगा झाला की आजी भिंतीवरचं घड्याळ लावायची आणि आई कुकर चढवायची. आता आम्ही जनकगंजात राहतो, पण बाबांना अजून पहाटे साडेपाचला जाग येते. तेव्हा बिर्ला हे नाव आमच्यासाठी वर्तमानपत्रातलं नाही, घरातलं आहे.

पुष्कळांना माहीत नसतं की ग्रासिम या नावातला ‘ग’ आपल्या गावाचा आहे. ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग, त्याचं आखूड रूप ग्रासिम. घनश्यामदास बिर्ला १९२१ च्या सुमारास माधवराव शिंदे महाराजांच्या कारकिर्दीत इथे आले, जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली. नंतर २५ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्य मिळून दहा दिवस होतात न होतात तोच, ग्वाल्हेर रेयॉनची नोंदणी झाली. १९५४ मध्ये चंबळेकाठी नागद्याला व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासूनचा तंतू, निघू लागला. १९८६ मध्ये कंपनीचं नाव ग्रासिम झालं आणि ग्वाल्हेर एका अक्षरापुरतं उरलं.

आता मुद्द्यावर येतो. घनश्यामदासांचे नातू आदित्य विक्रम. अमेरिकेत एमआयटीला रासायनिक अभियांत्रिकी शिकून आले. इथे परवान्यांच्या जाचात नवा कारखाना काढणं मुश्कील, म्हणून १९६९ मध्ये थायलंडला गेले, पुढे इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपीन्स, इजिप्त. १ ऑक्टोबर १९९५ ला कर्करोगाने गेले. वय ५१. मुलगा कुमारमंगलम, जन्म १४ जून १९६७, म्हणजे तेव्हा २८ वर्षांचा. सनदी लेखापाल झालेला, लंडन बिझनेस स्कूलमधून १९९२ मध्ये एमबीए करून आलेला. हातात तीन वर्षांचा अनुभव.

त्या ताटात काय काय होतं ते बघा. व्हिस्कोस, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं, कार्बन ब्लॅक (टायरांत घालतात ती काजळी), मंगळूरची रिफायनरी, चार-पाच देशांतले कारखाने. वर आजोबांच्या, पणजोबांच्या वेळचे अधिकारी, ज्यांच्या मांडीवर हा खेळला असेल. बिर्लांच्या कंपन्यांत माणूस निवृत्त होत नसे, हात चालतील तोवर काम करी. या मुलाने साठीला निवृत्ती हा नियम आणला. ज्यांना काका म्हणत मोठा झाला त्यांना घरी बसायला सांगायचं! मला स्वतःला हे जमलं नसतं.

आणि रिफायनरी. मंगळूरचा प्रकल्प वडिलांच्या महत्त्वाकांक्षेतला. तो तोट्यात रुतला. २००३ मध्ये कुमारमंगलमनी आपला वाटा सरकारी तेल कंपनी ओएनजीसीला देऊन टाकला, शेअरला २ रुपये भावाने. दोन रुपये! वडिलांनी मन लावून उभारलेली गोष्ट त्या भावाला द्यायची म्हणजे काय, ते ज्याने वडिलांचं जुनं दुकान किंवा गावाकडचं घर विकलंय त्यालाच कळेल.

माझं म्हणणं एवढंच की वारसाला जे मिळतं ते सगळं ठेवण्यासाठी मिळत नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायचं काम मिळतं, आणि ते ठरवताना ज्याला विचारायचं तोच माणूस नसतो. त्यांनी सोडलेल्या गोष्टींत आपल्या ग्वाल्हेरचं कापडही होतं. १९९९ मध्ये त्यांनी मदुरा गारमेंट्स घेतली, लुई फिलिप, व्हॅन ह्यूसेन, ॲलन सॉली हे सगळे शर्ट त्यांचे झाले. लोक शिंप्याकडे कापड टाकायचे बंद झाले होते, तयार कपडा घेत होते. नव्या शतकाच्या सुरुवातीलाच ग्वाल्हेरचं विणाईचं काम थांबलं. मन्सूर अली खान पतौडी ज्या सूटिंगची जाहिरात करायचे ते आपलं कापड. आमच्या ट्रंकेत त्याचा एक पँटपीस अजून आहे, राखाडी, काठावर बारीक सोनेरी अक्षरांत नाव विणलेलं. बाबांनी तो शिवूच दिला नाही.

तुमची मतं ऐकायला आवडतील. विशेषतः ज्यांनी वडिलांचा धंदा हातात घेतलाय त्यांची.

---

सियागंज_पेढी (इंदूर)
रविवार, सकाळी ९.३२

लाइनदादा, धागा वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

आमची किराणा घाऊक पेढी, आजोबांपासूनची. बाबा गेले तेव्हा मी २६ चा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शटर उघडलं. गल्ल्यावर बसलो, तर आमचे मुनीमजी, वय ७१, उभे राहिले. मी म्हटलं, “काका, बसा.” ते बसेनात. मालक बसल्याशिवाय बसायचं नाही ही त्यांची रीत, आणि मी त्यांच्यासमोर बसायचं नाही ही माझी. दोघंही बराच वेळ उभे. शेवटी हमालाने पोतं आणून टाकलं तेव्हा कोंडी फुटली.

याच मुनीमजींचा हात पुढे थरथरायला लागला, आकडे चुकायला लागले. एका व्यापाऱ्याला दोनदा पैसे गेले. मला समजत होतं, त्यांना समजत होतं, आणि दीड वर्ष दोघंही त्याबद्दल अवाक्षर बोललो नाही. त्या दीड वर्षात माझं जे नुकसान झालं त्याचा हिशेब मी मांडलेला नाही. एका माणसाच्या बाबतीत माझी ही गत, तर शेकड्यांनी अधिकाऱ्यांना साठीचा नियम लावणं म्हणजे काय असेल?

अजून एक सांगतो. बिर्लांच्या घरातली ‘पडता’ ही पद्धत आम्हा व्यापाऱ्यांना परिचयाची आहे. महिना संपायची, वर्ष संपायची वाट बघायची नाही. आज किती माल बनला, त्याला किती खर्च आला, ठरवलेल्या नफ्याच्या मानाने आज आपण कुठे आहोत, हे त्याच दिवशी मालकाच्या टेबलावर. घनश्यामदासांपासून आदित्य विक्रमांपर्यंत हे चाललं. कुमारमंगलमनी नफ्याबरोबर गुंतवलेल्या भांडवलाचा खर्चही मोजायला लावला. कारखाना नफ्यात दिसतो, पण त्यात अडकवलेल्या पैशाचं व्याज धरलं तर तोट्यात असतो. हे साधं वाटतं, पण माझ्या गोदामात पडून राहिलेल्या जिऱ्याला हा नियम लावला तेव्हा मला घाम फुटला.

---

माई_अकोला
रविवार, सकाळी १०.०५

या घराला एक मराठी धागा आहे तो कुणी सांगितला नाही म्हणून लिहिते. कुमारमंगलमच्या आजी, सरला बिर्ला, या आमच्या अकोल्याच्या ब्रिजलाल बियाणींची लेक. बियाणींना लोक विदर्भ केसरी म्हणत. सरलाबाई अकोल्यात वाढल्या, पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकल्या. १९४२ मध्ये बसंतकुमार बिर्लांशी लग्न झालं. मार्च २०१५ मध्ये गेल्या, बसंतकुमार ३ जुलै २०१९ ला, वयाच्या ९८ व्या वर्षी.

मला नेहमी वाटतं, १९९५ मध्ये २८ वर्षांच्या मुलाविषयी सगळे बोलतात, पण त्या आजीआजोबांचं काय? पंचाहत्तरीला टेकलेला बाप, एकुलता एक मुलगा गेलेला. घरात दुःख करायलाही सवड नसेल, कारण सोमवारी कारखाने चालू ठेवायचे. वारस फक्त पुढच्या पिढीतून येतो असं नाही. काही दिवस तो भार मागच्या पिढीलाही परत उचलावा लागतो.

---

हजिरा_चौक (ग्वाल्हेर)
रविवार, दुपारी १२.४७

मी जरा वेगळं लिहिणार आहे, लाइनभाऊंनी राग मानू नये. आपण एकाच शाळेतले असू बहुधा.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणारा एक असतो, आणि ज्याला सोडलं तो दुसरा असतो. माझे काका इथल्याच एका गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. नाव घेत नाही, इथे गिरणी काही एकच नव्हती. सकाळच्या पाळीला गेले तर फाटकावर कागद चिकटवलेला. वय ४६. दोन मुली लग्नाच्या. पुढची अकरा वर्षं एका कापडाच्या दुकानात तागे उलगडून दाखवायचं काम केलं. गिरणीकडून येणं असलेली रक्कम त्यांच्या हयातीत पुरती मिळाली नाही. ते गेल्यावर काकू कोर्टाच्या तारखांना जात राहिली, पिशवीत त्यांचं हजेरीकार्ड घेऊन.

केरळात मावूर म्हणून गाव आहे, चालियार नदीकाठी. तिथे १९६३ पासून ग्वाल्हेर रेयॉन्सचा लगद्याचा कारखाना होता. तिथली माणसं त्याला ग्वाल्हेरच्या नावानेच ओळखत. बांबू टनाला १ रुपया भावाने सरकारने दिला होता. नदी काळी झाली, लोकांनी आंदोलन केलं, १९८५ पासून तीन वर्षं कारखाना बंद राहिला, पुन्हा सुरू झाला, आणि २००१ मध्ये कायमचा मिटला. तो निर्णय कुमारमंगलम यांच्याच काळात झाला. नदीसाठी तो योग्यच झाला. पण त्याच गावात दोन घरं शेजारी असतील, एक नदी वाचली म्हणून आनंदात, आणि एक चूल विझली म्हणून रडणारं. बापाच्या वेळचं कर्ज फेडावं लागतं तसं बापाच्या वेळची नदीही वारसाच्या नावावर येते. हे ताटातलं कुणी मोजत नाही.

म्हणून मला या माणसाबद्दल आदर आहे, पण हळहळ वाटायची असेल तर आधी काकूबद्दल वाटते.

---

लाइन_नंबर_आठ
रविवार, दुपारी १.२०

हजिराभाऊ, राग कसला. तुमच्या काकांसारखे आमच्या लाइनीत निदान सहाजण होते. माझे बाबा काम थांबण्याआधी निवृत्त झाले म्हणून आमचं घर तरलं. ते निवृत्त झाले नसते तर मी हा धागा या सुरात काढला असता का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मला लागू आहे. मूळ लेखात मी सोडण्याचं दुःख फक्त मालकाच्या बाजूने लिहिलं. ती चूक कबूल करतो.

---

सुहास_बडोदा
रविवार, दुपारी ३.१५

मी आयुष्यभर बँकेत कर्ज खात्यावर काम केलं, तेव्हा पैशाच्या बाजूने थोडं लिहितो. सोडलेल्याचं बोलणं झालं, आता घेतलेल्याचं.

२००० मध्ये इंडाल ही ॲल्युमिनियम कंपनी घेतली, कॅनडाच्या अल्कॅनकडून. बेळगाव, कळवा, तळोजे इथले कारखाने त्यातलेच. नंतर एल अँड टी, म्हणजे लार्सन अँड टुब्रो. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रासिमने रिलायन्सकडचा १० टक्क्यांचा वाटा शेअरला ३०६ रुपये ६० पैसे देऊन उचलला. बाजारभाव तेव्हा त्याच्या पुष्कळ खाली होता. मुंबईत पवईला, एल अँड टीच्या आवारात, खळबळ उडाली. एल अँड टी म्हणजे अभियंत्यांची कंपनी, तिला कुणी मालक नको होता. अडीच वर्षं ओढाताण झाली. शेवटी २००४ मध्ये तोड निघाली: सिमेंट वेगळं काढून बिर्लांकडे, आणि एल अँड टीमधला त्यांचा वाटा कर्मचाऱ्यांच्या न्यासाकडे. चंद्रपूर जिल्ह्यातला आवारपूरचा सिमेंट कारखाना असा बिर्लांकडे आला आणि अल्ट्राटेक नाव पुढे आलं. मला ही तोड फार आवडते. दोन्ही बाजूंना हवं ते मिळालं आणि कुणी कुणाला संपवलं नाही.

पण खरी परीक्षा नोव्हेलिसची. फेब्रुवारी २००७ मध्ये जाहीर केलं, मे मध्ये पुरं केलं. कर्जासकट सुमारे ६ अब्ज डॉलर. घेणारी हिंदाल्को, बिर्लांची ॲल्युमिनियम कंपनी; घेतलेली कंपनी उलाढालीने तिच्यापेक्षा कितीतरी मोठी. शेअर आपटला, जाणत्या लोकांनी डोक्याला हात लावला. कारणही होतं. नोव्हेलिस पेयांच्या डब्यांचा पत्रा बनवायची आणि काही ग्राहकांशी तिने भाव बांधून दिलेले होते. ॲल्युमिनियम महागलं की तोटा तिचा. त्यात पुढच्याच वर्षी जगभर मंदी आली. आमच्या शाखेत जुने लोक म्हणत, पोरगं पणजोबांची पुण्याई घालवणार.

मी त्यांतलाच एक होतो, हे सांगितलं पाहिजे. मला ताळेबंदात कर्ज दिसत होतं. मला हे दिसत नव्हतं की हिंदाल्को धातू काढते, त्याचा भाव लंडनच्या बाजारात दररोज हेलकावतो, आणि नोव्हेलिस त्याच धातूला घडवून विकते, तिथे मजुरीचा पैसा बराच स्थिर असतो. जुने करार संपत गेले तशी कंपनी सावरली. आज ती जगातली सर्वांत मोठी ॲल्युमिनियम पुनर्वापर करणारी कंपनी आहे. २०२० मध्ये, करोनाच्या ऐन धास्तीत, तिने २.८ अब्ज डॉलरला अलेरिस ही ॲल्युमिनियमचीच कंपनी घेतली.

१९९५ मध्ये या समूहाची उलाढाल सुमारे २ अब्ज डॉलर होती, आता ६० अब्जांच्या वर आहे. पण त्या आकड्यापेक्षा मला २००८ ते २०१० ही दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. तेव्हा विकून मोकळं होता आलं असतं. लाइनदादा, तुमच्या ‘काय सोडायचं’मध्ये ‘काय धरून ठेवायचं’ हेही तितकंच जड असतं.

---

नीलांबरी_जो
रविवार, संध्याकाळी ५.५०

सुहासकाका, उत्तम प्रतिसाद. पण धरून ठेवणं दर वेळी फळतंच असं नाही. व्होडाफोन आयडिया बघा.

आपल्या मध्य प्रदेशात सुरुवातीला जे मोबाइल आले त्यांतला एक आरपीजी समूहाचा. २००१ मध्ये तो बिर्ला-टाटा-एटी अँड टी यांच्या कंपनीकडे गेला आणि पुढच्या वर्षी आयडिया नाव पडलं. माझं पहिलं सिम तेच, नंबर अजून तोच आहे. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोनशी विलीनीकरण झालं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि परवाना शुल्काची हजारो कोटींची थकबाकी डोक्यावर आली. जून २०२१ मध्ये कुमारमंगलमनी केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवांना पत्र लिहिलं, की कंपनी चालू राहावी म्हणून माझा वाटा कुठल्याही सरकारी संस्थेच्या हवाली करायला तयार आहे. ऑगस्टमध्ये अध्यक्षपद सोडलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने १६,१३३ कोटींच्या थकीत व्याजाच्या बदल्यात शेअर घेतले आणि एप्रिलमध्ये कुमारमंगलम संचालक म्हणून परत आले.

मी स्वतः शिक्षिका आहे, धंद्यातलं फार कळत नाही. पण ते पत्र वाचलं तेव्हा वाटलं की इतक्या मोठ्या माणसाने ‘मला एकट्याला हे पेलत नाही’ असं लेखी देणं सोपं नसतं. आणि परत येणं त्याहून नाही.

---

यशवंतरोड (इंदूर)
रविवार, रात्री ८.२२

पुढच्या पिढीचं कुणी काढलं नाही, म्हणून.

नोव्हेंबर २०१७, आपलं होळकर स्टेडियम, मध्य प्रदेश विरुद्ध ओडिशा, रणजी. कुमारमंगलमचा मुलगा आर्यमान बिर्ला, त्याचा पहिला सामना. मी गेलो होतो. मुंबईत संधी मिळेना म्हणून हा मुलगा रीव्याला येऊन जिल्हा पातळीपासून खेळला. माझ्या शेजारी बसलेला एकजण म्हणाला, “पैशाने आलाय.” पुढच्या मोसमात ईडन गार्डनवर बंगालविरुद्ध नाबाद १०३ काढले तेव्हा मला तो माणूस आठवला. चेंडूला आडनाव कळत नाही.

राजस्थान रॉयल्सने ३० लाखांना घेतलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं की मला चिंतेचा त्रास होतोय, खेळ थांबवतोय. आई नीरजा बिर्ला २०१६ पासून मानसिक आरोग्यासाठी एमपॉवर ही संस्था चालवतात, कदाचित म्हणून त्या घरात हे बोलता आलं असेल. २०२३ मध्ये तो ग्रासिमच्या संचालक मंडळावर आला. बहीण अनन्या, तिने तर विशीच्या आत गावातल्या बायकांना लहान कर्जं देणारी ‘स्वतंत्र’ नावाची कंपनी काढली.

वडिलांना २८ व्या वर्षी निवड नव्हती. मुलाला सहा-सात वर्षं बॅट हातात धरायला मिळाली. मला यात वडील दिसतात.

---

सियागंज_पेढी
रविवार, रात्री ९.०१

यशवंतभाऊ, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. माझा मुलगा बारावीत आहे. त्याला तबला वाजवायचा आहे. आज जेवताना मी त्याला पेढीबद्दल काही बोललो नाही, हे पहिल्यांदाच घडलं असावं.

---

लाइन_नंबर_आठ
सोमवार, सकाळी ७.०५

काल रात्री हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. वय ८४, डोळे अधू झालेत पण कान तयार आहेत. मध्ये दोनदा थांबवलं. हजिराभाऊंच्या काकूपाशी आलो तेव्हा म्हणाले, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं. मग विचारलं, “कुठल्या लाइनीत राहायच्या?” हजिराभाऊ, व्यक्तिगत निरोपात कळवा, ओळख निघेल असं त्यांना वाटतंय.

दुसऱ्यांदा थांबवलं ते २८ या आकड्यापाशी. म्हणाले, “मी २८ चा असताना पहिल्यांदा पाळीचा मास्तर झालो. चाळीस माग माझ्याकडे. त्यातल्या निम्म्यांवर माझ्याहून वयाने मोठी माणसं. पहिले सहा महिने मी घरी आलो तरी कानात माग चालू असायचे. तुझ्या आईला विचार.” आई म्हणाली, झोपेत हात हलायचे, तुटलेला धागा बोटांनी गाठताना हलतात तसे.

आणि मूळ लेखातली एक दुरुस्ती त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितली आहे. काठावरची अक्षरं सोनेरी नव्हती, पिवळ्या धाग्याची होती. ट्रंक उघडून पँटपीस उजेडात धरला. पिवळीच आहेत.